ओबेरेक आणि पितळी वाद्ये

पोलंडचे राष्ट्रीय नृत्यप्रकार पाच मानले जातात : पोलोनेझ, माझुर, कुयाव्याक, ओबेरेक आणि क्राकोव्याक. त्यांपैकी क्राकोव्याक दोन मात्रांच्या चालीचा, बाकीचे चारही तीन मात्रांचे. परंतु तीन मात्रा एवढ्यावरून त्यांचे रूप ध्यानात येत नाही. पोलोनेझ म्हणजे वस्तुतः एक भारदस्त मिरवणूकच होय. जोडपी एकामागून एक पावले टाकीत दालनातून फिरतात. शालान्त परीक्षेपूर्वीच्या समारंभात आजही तेथील विद्यार्थी पोलोनेझनेच आरंभ करतात, आणि २०२३ साली युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत त्याचा समावेश केला. माझुर जमीनदारांच्या वाड्यांतून आणि शहरी नृत्यशाळांतून वाढला. कुयाव्याक संथ, काहीसा उदास. ओबेरेक मात्र मुख्यतः खेड्यातच राहिला. त्याचे नावच मुळी गरगर फिरणे या अर्थाच्या क्रियापदावरून आलेले आहे. मध्य पोलंडमधील माझोव्शे, रादोम, ओपोच्नो, केल्त्से या भागांतील लग्नघरी मध्यरात्र उलटून गेल्यावर, पायांखालची जमीन हादरेल अशा वेगाने जोडपी स्वतःभोवती आणि त्याच वेळी खोलीभोवती फिरत असत. पाचांमध्ये सर्वांत द्रुत लयीचा नाच हाच.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा नाच खेड्यांतून जवळजवळ नाहीसा झाला. गेल्या तीसएक वर्षांत तो पुन्हा वाजू लागला आहे, आणि अलीकडे केवळ व्हायोलिनवर नव्हे, तर ट्रंपेट, ट्रॉम्बोन आणि ट्यूबा यांवरही. व्हायोलिनची धून ट्रंपेटवर वाजवणे यात विशेष ते काय, असे कोणी विचारील. धूनेपुरते पाहिले तर खरोखरच विशेष काही नाही. ओबेरेकच्या हजारो धुना ग्रंथांत छापलेल्या आहेत आणि स्वरलिपी वाचू शकणारा कोणताही वादक त्या वाजवू शकतो. अडचण निराळीच आहे. ग्रंथात जे उतरलेले नाही, तेच या नाचाचे सर्वस्व आहे.

भारतीय वाचकाला ही गोष्ट तालाच्या भाषेत समजावून घेता येईल. सहा मात्रांचा दादरा घेतला तर त्याची सम कोठे आहे याविषयी ऐकणाऱ्याला संदेह नसतो. गायक कितीही आडवातिडवा गेला तरी सम जागच्या जागी असते. युरोपातील वॉल्ट्झमध्येही पहिली मात्रा ठळक आणि पुढच्या दोन हलक्या असा सरळ हिशेब असतो. माझोव्शेच्या नाचांत आघाताला असे कायमचे घर नाही. तो कधी दुसऱ्या मात्रेवर पडतो, कधी तिसऱ्या. आणि सुरावटीचे वाक्य संपताना तर बहुधा अनपेक्षित जागी पडतो. शिवाय तिन्ही मात्रा समान लांबीच्याही नसतात. एखादी मात्रा ताणली जाते, तिच्या शेजारची आखूड होते, आणि एकंदर हिशेब कोठेतरी पुढे जाऊन जुळतो. हा ताण किती असावा हे गावागावाप्रमाणे, वादकावादकाप्रमाणे बदलते. स्वीडनमध्ये पोलस्का या नावाने जे नाच आजही वाजवले जातात ते मूळचे पोलंडकडूनच गेलेले; त्यांतही असमान मात्रांचा हा स्वभाव अनेक ठिकाणी टिकून आहे.

यासंबंधी शोपँची एक आठवण प्रसिद्ध आहे. चार्ल्स हाले हा पियानोवादक त्याचा परिचित होता. १८४५ किंवा १८४६ च्या सुमारास त्याने शोपँला धीर करून सांगितले की, तुमचे माझुर्का तुम्ही स्वतः वाजवता तेव्हा ते तीन मात्रांचे न वाटता चार मात्रांचे वाटतात. शोपँने हे साफ नाकारले. तेव्हा हालेने त्याला एक माझुर्का वाजवायला लावला आणि तो वाजवत असताना मोठ्याने एक, दोन, तीन, चार असे मोजून दाखवले. हिशेब बरोबर जमला. शोपँ हसला आणि म्हणाला की, हा त्या नाचाचा राष्ट्रीय स्वभावच आहे. हाले हा मुरलेला संगीतज्ञ होता, आणि शोपँने कागदावर तीनच मात्रा लिहिलेल्या होत्या. कागद आणि कान यांतील हे अंतर शोपँच्या हातात होते, कारण १८२४ आणि १८२५ च्या उन्हाळ्यात शाफार्निया या खेड्यात सुटी घालवताना त्याने खेडुतांचे गाणे-वाजवणे प्रत्यक्ष ऐकले होते. ज्यांनी ते कधी ऐकलेच नाही त्यांच्या हाती केवळ कागद उरला.

हा कागद तयार करणाऱ्यांत अग्रगण्य नाव ओस्कार कोल्बेर्ग (१८१४–१८९०) याचे. त्याने आयुष्यभर खेडोपाडी हिंडून दहा हजारांहून अधिक धुना टिपल्या. १८४२ मध्ये त्याने पहिली लोकगीते प्रसिद्ध केली तेव्हा, त्या काळच्या अभिरुचीला अनुसरून, त्यांना पियानोची साथ जोडली होती. पुढे त्याला हे मान्य होईनासे झाले, आणि १८५७ पासूनच्या ग्रंथांत त्याने धून जशी ऐकली तशी, साथीवाचून दिली. हा निर्णय त्या काळी धाडसाचाच म्हणावा लागेल. तथापि, ध्वनिमुद्रणाचे यंत्र नसताना त्याच्याजवळ साधन होते ते युरोपीय स्वरलिपीचे, आणि त्या लिपीत एका मात्रेला एकच लांबी असते. कोल्बेर्गच्या पानांवर ओबेरेक सरळ रेषेत उभे असलेले दिसतात. पानावरून ते वाजवणारा त्यांना सरळच वाजवणार.

पितळी वाद्यांचा पोलिश खेड्याशी संबंध केव्हापासून आला, हेही येथे सांगितले पाहिजे. कारण पुष्कळांची समजूत अशी की, हा संबंध आजच्या तरुणांनी कृत्रिमपणे जोडलेला आहे. वास्तविक पितळी वाद्यांना सर्व स्वर सुलभपणे वाजवता यावेत यासाठी जी झडपांची यंत्रणा निघाली, तिचा शोधच आजच्या पोलंडच्या भूमीत लागला. हाइनरिख ष्टॉल्झेल हा प्रशियन सायलेशियातील प्लेस येथील राजपुत्राच्या वाद्यवृंदात हॉर्न वाजवी. हे प्लेस म्हणजे आजचे प्श्चिना. फ्रीडरिख ब्ल्यूमेल हा वाल्डेनबुर्ग, म्हणजे आजचे वाउब्झिख, येथील खाणकामगारांच्या वाद्यवृंदात होता. या दोघांनी मिळून १८१८ मध्ये बर्लिनला झडपेचे पेटंट घेतले. एक दरबारी वादक आणि एक खाणीतला वादक यांची ही जोडी मोठी लक्षणीय आहे. सायलेशियातील खाणकामगारांच्या वाद्यवृंदांची परंपरा आजही चालू असून ४ डिसेंबरला, संत बार्बराच्या दिवशी, पहाटे ते वस्तीतून वाजवीत फिरतात. त्या दिवशी सामान्य खाणकामगाराच्या टोपीवर काळा तुरा असतो, वादकाच्या टोपीवर तांबडा.

मध्य पोलंडमधील खेड्यांत पितळ आले ते मुख्यतः सैन्याच्या वाटेने. १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन फाळण्यांनी पोलंडचे राज्य नकाशावरून पुसले गेले, आणि शेतकऱ्यांची मुले रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया या तीन परक्या सैन्यांत भरती होऊ लागली. त्यांतील काहींच्या हाती तेथे कॉर्नेट किंवा ट्रंपेट पडले. सैन्यातून सुटून आल्यावर ही विद्या घरी बसून राहणे शक्यच नव्हते. पुढे गावोगाव स्वयंसेवी अग्निशामक दले निघाली. परक्या राजवटीत पोलिश लोकांना उघडपणे एकत्र येण्याचे जे थोडे मार्ग मोकळे होते त्यांत ही दले होती, आणि त्यांनी आपापले वाद्यवृंद उभे केले. आपल्याकडील वरातीच्या बँडची जन्मकथा याहून फार निराळी नाही. पलटणीतला बाजा लग्नमंडपात आला, आणि कवायतीच्या चालींची जागा गावाच्या आवडीच्या गाण्यांनी घेतली. रविवारी चर्चच्या मिरवणुकीत वाजवणारा पोलिश ट्रंपेटवादक शनिवारी रात्री लग्नात ओबेरेक वाजवीत असे.

खेड्यातील जुना ताफा म्हणजे एक व्हायोलिन, 'बासी' नावाचे चेलोसारखे खर्जाचे तंतुवाद्य आणि झांजा बसवलेले डफासारखे चर्मवाद्य. कालांतराने हार्मोन्या, म्हणजे भात्याचे स्वरवाद्य, आली. मग क्लॅरिनेट, ट्रंपेट, सॅक्सोफोन आले, आणि डफाच्या जागी मोठा ढोल आला. केल्त्सेच्या परिसरात तर पितळी वाद्यांचा भरणा असलेले मोठे ताफे लग्नांतून वाजत. संशोधकांनी या ताफ्यांकडे फारसे प्रेमाने पाहिले नाही. १९५० ते १९५४ या काळात मारियान आणि याद्विगा सोब्येस्की या दांपत्याच्या नेतृत्वाखाली देशभर लोकसंगीताचे ध्वनिमुद्रण झाले. हजारो धुना त्यामुळे वाचल्या. या कामाचे मोल कमी लेखता येणार नाही. परंतु त्या पिढीची दृष्टी जुन्यातले जुने शोधण्याची होती. मशकवाद्य, व्हायोलिन, वृद्ध गायिका हे खरे. ट्रंपेट म्हणजे शहराचा संसर्ग. या शुद्धतेच्या कल्पनेमुळे लोक प्रत्यक्षात ज्या संगीतावर नाचत होते त्याची नोंद मात्र तोकडी राहिली, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

याच सुमारास सरकारने दुसरे एक कार्य हाती घेतले. १९४८ मध्ये 'माझोव्शे' आणि १९५३ मध्ये 'श्लाँस्क' हे मोठे नृत्यगायन संच स्थापन झाले. त्यांचे कार्यक्रम देखणे होते आणि आहेत. जगभर पोलंडची ओळख त्यांनी करून दिली. परंतु रंगमंचावर शंभर माणसे एका वेळी पाय उचलायची तर मात्रा ताणून कसे चालेल? तेथे लय एकसारखी होणे अपरिहार्यच होते. रेडिओवरून हाच नमुना घरोघर पोचला, आणि खेड्यातल्या मुलाला आपल्या आजोबांचे वाजवणे वाकडे वाटू लागले. लग्नांतून विजेवर चालणारी वाद्ये आली. म्हाताऱ्या वादकांनी व्हायोलिने भिंतीला टांगली.

ही टांगलेली व्हायोलिने पुन्हा खाली उतरवायला लावणाऱ्यांत आंद्जेय ब्येन्कोव्स्की या चित्रकाराचा वाटा मोठा आहे. १९८० च्या सुमारापासून तो आपल्या खर्चाने खेडी हिंडू लागला आणि वादकांना शोधून, त्यांच्या जुन्या साथीदारांशी गाठ घालून देऊन, त्यांचे वाजवणे ध्वनिमुद्रित करू लागला. तो विद्यापीठीय संशोधक नव्हता, आणि कदाचित म्हणूनच त्याने जे कानावर पडेल ते सर्व घेतले. १९९४ मध्ये वॉर्सातील काही तरुणांनी 'दोम तान्त्सा', म्हणजे नाचघर, हा उपक्रम सुरू केला. १९७२ मध्ये बुडापेस्टला सुरू झालेल्या अशाच हंगेरियन चळवळीचा आदर्श त्यांच्यासमोर होता. कार्यक्रम पाहायला प्रेक्षक बोलवायचे नाहीत, नाचायला माणसे बोलवायची, हे त्यांचे सूत्र. त्यांतील यानुश प्रुशिनोव्स्की आणि त्याचे सहकारी रादोम भागातील यान गात्सा यांच्यासारख्या वृद्ध व्हायोलिनवादकांच्या घरी जाऊन बसत. शिक्षण स्वरलिपीतून होत नसे. म्हातारा वाजवी, तरुण त्याच्या गजाकडे पाही आणि मागोमाग वाजवी. ही पद्धत आपल्याकडील गुरुमुखी विद्येच्या जवळची आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. व्हायोलिनच्या गजाला जे साधते ते ट्रंपेटला कसे साधावे?

गजाची दिशा बदलली की आघात होतो, आणि ती कोठेही बदलता येते. एकाच ओढीत पाच स्वर घेऊन सहाव्यावर गज उलटवला तर आघात आपोआप आड जागी पडतो; वादकाला त्यासाठी वेगळे बळ लावावे लागत नाही. ट्रंपेटमध्ये आघात होतो तो जिभेने आणि श्वासाने. ज्या वादकाने दहा वर्षे अग्निशामक दलाच्या बँडमध्ये संचलनाच्या चाली वाजवल्या, त्याच्या जिभेला पहिल्या मात्रेची सवय जडलेली असते. ती मोडणे हे नवीन सवय लावण्यापेक्षा कठीण. दुसरी अडचण श्वासाची. ओबेरेकची धून अखंड फिरत राहते. तीत उसंत नाही. व्हायोलिनवादक अर्धा तास न थांबता वाजवू शकतो, ट्रंपेटवाल्याचे ओठ तेवढ्यात बधिर होतात. म्हणून दोन ट्रंपेट ठेवून एकाने वाक्य टाकायचे, दुसऱ्याने उचलायचे, किंवा मुख्य धून क्लॅरिनेट आणि व्हायोलिनकडे देऊन ट्रंपेटने मधूनमधून तीत शिरायचे, अशा युक्त्या योजाव्या लागतात. दोन वादकांची ताणण्याची रीत एकच नसेल तर मात्र धून सांध्यावर तुटते.

सर्वांत नाजूक काम खर्जाचे. पितळी वाद्यांच्या ताफ्यात ट्यूबा पहिल्या मात्रेवर ठसका देतो आणि इतर वाद्ये दुसऱ्या-तिसऱ्या मात्रेवर प्रत्युत्तर देतात, ही सर्वत्र रूढ झालेली चाल आहे. ओबेरेकला ही चाल लावली की त्याचा तत्काळ वॉल्ट्झ होतो. वर ट्रंपेटने कितीही खटपट केली तरी खालचा हातोडा पहिल्या मात्रेवर पडत राहतो, आणि नाचणाऱ्याचे पाय खर्जाचे ऐकतात, वरच्या सुरांचे नव्हे. जुन्या ताफ्यातील बासीवादक बहुधा तिन्ही मात्रांवर सारखाच गज मारी. त्याचा स्वरही पुष्कळदा बदलत नसे. तो केवळ घरघर करणारी जमीन पुरवी, आणि त्या जमिनीवर आघात कोठे टाकायचा हे डफ आणि व्हायोलिन ठरवीत. ट्यूबावादकाने हीच वृत्ती धारण करावी लागते. त्यात पुन्हा ट्यूबाच्या लांब नळीतून स्वर किंचित उशिरा उमटतो, म्हणून वादकाला फुंकर अगोदर घालावी लागते. आणि येथे तर मात्रा स्वतःच पुढेमागे होत असते. कोणत्या क्षणी फुंकावे हे मोजून कळत नाही. नाचणाऱ्या जोडप्याकडे पाहावे लागते. जोडपे वळणाच्या माथ्यावर असते तेव्हा क्षणभर थबकल्यासारखे होते, आणि तो थबकण्याचा क्षण म्हणजेच ताणलेली मात्रा. चांगल्या वादकांची नजर म्हणूनच वाद्यावर नसते, पायांवर असते.

स्वरांचाही प्रश्न आहे, तो थोडक्यात सांगतो. खेड्यातील व्हायोलिनवादक काही स्वर पियानोच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये लावीत. झडपांचे वाद्य पियानोच्या मापाने घडवलेले असले तरी ओठांच्या ताणाने ते थोडे वरखाली करता येते. ज्याला कान आहे तो हे करतो. बाकीचे वाद्य देईल तो स्वर घेतात.

या सर्व खटाटोपाचे फळ म्हणून आज ऐकण्यासारखे काय आहे? प्रुशिनोव्स्कीच्या ताफ्यात व्हायोलिन, बासी आणि ढोल यांच्या जोडीला श्चेपान पोस्प्येशाल्स्की याचा ट्रंपेट आहे. तो धून जशीच्या तशी न वाजवता तिच्या भोवती फिरतो, आणि आघाताच्या आड जागा अचूक दाखवून पुन्हा मागे सरतो. २०१० नंतरच्या दशकात पुढे आलेला 'तेन्गे ख्वोपी', म्हणजे 'धट्टेकट्टे गडी', हा ताफा केल्त्से भागातील लग्नाच्या बाजाची पूर्ण मांडणीच पुन्हा उभी करतो. ज्या मिश्र, पितळी ताफ्यांना संशोधकांनी एके काळी बाजूस सारले, त्यांचीच ही पुनःस्थापना आहे, आणि तीमुळे शुद्धतेचा जुना वाद निदान नाचघरात तरी संपला आहे. २०१० पासून वॉर्सात 'जगातील सर्व माझुर्का' या नावाचा उत्सव भरतो. त्यात रात्रभर नाच चालतो, वाद्यांचा बाजार मांडला जातो, आणि खेड्यातील वृद्ध वादक शहरी तरुणांच्या शेजारी बसून वाजवतात.

याहून निराळे दोन मार्गही आहेत. जाझवादकांनी पोलिश नाचांची लय फार पूर्वीच उचलली. झ्बिग्न्येव नामिस्वोव्स्की या सॅक्सोफोनवादकाची १९७५ ची ध्वनिमुद्रिका तर कुयाव्याकचे नावच मिरवते. त्यावर कोणी कुयाव्याक नाचावा अशी त्याची अपेक्षा नव्हती. आपण कच्चा माल घेऊन नवी वस्तू घडवीत आहोत हे त्याने लपवले नाही, आणि म्हणून ते संगीत प्रामाणिक वाटते. दुसरा मार्ग सभागृहांसाठी पितळी वाद्यांच्या पंचकाकरिता केलेल्या रचनांचा. त्यांत ओबेरेक हमखास शेवटी येतो, कारण तो द्रुत आहे आणि टाळ्या मिळवतो. अशा पुष्कळ रचना ऐकायला गोड असतात. पण त्यांवर नाचायला उभे राहिलेले जोडपे दुसऱ्या फेरीतच अडखळेल. ग्राझिना बात्सेविच हिने व्हायोलिन आणि पियानोसाठी १९४९ आणि १९५१ मध्ये लिहिलेल्या दोन छोट्या ओबेरेकांकडे या रचनाकारांनी पुन्हा एकदा पाहावे. तेही सभागृहासाठीच होते, पण ती स्वतः व्हायोलिनवादक होती आणि आघात सरळ करण्याचा मोह तिने टाळला.

खेड्यातील लग्नात आणखी एक रीत होती. नाचायची इच्छा असलेला माणूस ताफ्यासमोर येऊन उभा राही, वादकांना पैसे देई आणि दोन ओळींचे एक कडवे आपल्या लयीत म्हणे. ते ऐकून ताफा त्याची धून ओळखी आणि त्याच लयीत, त्याच्याच ताणाने ती उचले. त्या फेरीचा मालक तो. व्हायोलिनवाला हे कडवे ऐकता ऐकता गज तारेवर ठेवी आणि शेवटच्या शब्दावर सुरू होई. पितळी ताफ्यात आठ-दहा माणसे असतात. त्या सर्वांनी एका माणसाच्या दोन ओळींतून लय उचलून एकाच क्षणी फुंकर घालायची असते. नाचघरांतून आता ही रीत पुन्हा सुरू झाली आहे, आणि समोर उभा राहून गाणारा माणूस पुष्कळदा विशीतला असतो.